पुणे, मुंबई, कोलकाता: विल्सन जोन्सच्या मागे मागे

शुक्रवार, पुणे कॅम्प

विल्सन जोन्स हे नाव आपल्याकडे उरलंय ते एका मार्काच्या प्रश्नापुरतं. वैयक्तिक खेळात जगज्जेता झालेला पहिला भारतीय कोण? विल्सन जोन्स, बिलियर्ड्स, १९५८, टिक करा, पुढचा प्रश्न. माझ्या भाच्याने एमपीएससीच्या नादात हे पाठ केलंय, पण तो माणूस पुण्यात जन्मला आणि आपल्या कॅम्पातल्या शाळेत शिकला असं मी सांगितलं तर म्हणाला, "मावशी काहीतरीच काय, इंग्रज असेल तो." इंग्रज नाही रे बाबा, अँग्लो इंडियन. पूर्ण नाव विल्सन लायोनेल गार्टन-जोन्स, जन्म २ मे १९२२, पुणे.

तर ही ट्रिप मुळात आमच्या अण्णाकाकांची. वडिलांचे धाकटे भाऊ, खडकीच्या फॅक्टरीतून रिटायर, गुडघे दोन्ही गेलेले पण हट्ट शाबूत. तरुणपणी कॅम्पात बिलियर्ड्स खेळायचे, आजीच्या भाषेत "त्या हिरव्या टेबलाच्या नादी लागले", आणि जोन्स म्हणजे त्यांचं दैवत. पाय चालतायत तोवर जोन्सचं पुणं, जोन्सची मुंबई आणि जोन्स जिथे जिंकला ते कलकत्त्याचं हॉटेल बघायचं असं त्यांनी ठरवलं, काकू म्हणाली एकटे अजिबात जायचं नाही, मग बॅगा उचलायला कोण तर मी. मला सुट्टी होती आणि खरं सांगायचं तर मलाही जायचंच होतं.

सकाळी रिक्षाने कॅम्पात गेलो. आधी बिशप्स मग सेंट व्हिन्सेंट, जोन्स या दोन्ही शाळांत शिकलेले. आत जायचा प्रश्न नव्हता, पोरांची शाळा चालू होती, बाहेरूनच बघितलं, काकांनी गेटसमोर माझ्याकडून फोटो काढून घेतला आणि वॉचमन आमच्याकडे बघत राहिला की हे आजोबा कुठल्या बॅचचे. बघण्यासारखं म्हणाल तर एवढंच. पण काकांबरोबर कॅम्पात फिरायचं म्हणजे इथे पूर्वी काय होतं आणि आता काय झालंय ही कॉमेंटरी फुकट मिळते. त्यांचं म्हणणं असं की जोन्स पुण्यात घडले यात आश्चर्य काहीच नाही, तेव्हाचं कॅम्प म्हणजे पलटणी, मेस आणि क्लब, आणि साहेब जाईल तिथे बिलियर्ड्सचं टेबल जायचं. स्नूकर हा खेळच मुळी १८७५ साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये जन्मला, नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याच्या डोक्यातून (पंतप्रधान चेंबरलेन वेगळा, त्याचा याच्याशी संबंध नाही). म्हणजे ज्याला आपण विलायती खेळ म्हणतो त्याचा निम्मा संसार इथलाच आहे.

आणि अजून एक, पंकज अडवाणीचा जन्मसुद्धा पुण्याचा. वाढला बंगलोरला, त्यामुळे तो त्यांचा, ठीक आहे, पण पंचविसाच्या वर जागतिक विजेतेपदं मिळवलेला खेळाडू आणि देशाचा पहिला जगज्जेता दोघं एकाच गावात जन्मलेले, आणि पुणेकर अभिमान कशाचा सांगतात तर बाकरवडीचा. हे काका बोलत होते कयानीच्या रांगेत उभं राहून, प्रवासाला श्रूजबेरी न्यायची म्हणून, त्यामुळे त्यात फार दम नव्हता.

दुपारी मार्झोरीनला सँडविच खाताना काकांनी त्यांची ती जुनी गोष्ट परत सांगितली. साठच्या दशकात पुण्यातल्या एका क्लबात जोन्सचा प्रदर्शनी सामना होता आणि काका कुणाच्या तरी वशिल्याने आत घुसून भिंतीला चिकटून उभे होते. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकतेय आणि दरवेळी ती थोडी वाढते, ब्रेक, म्हणजे न चुकता एका दमात केलेले सलग गुण, आधी दीडशेचा होता तो हल्ली तीनशेच्या पुढे गेलाय. पण एक तुकडा कधीच बदलत नाही. मॅच संपल्यावर म्हणे जोन्स आधी गेले ते टेबल लावणाऱ्या मार्करकडे, त्याचा हात हातात घेतला, आणि क्लबाचे मोठे मेंबर मागे हात पुढे करून ताटकळत राहिले. काकांना ब्रेकपेक्षा ते जास्त लागलंय हे कळतं, कारण तिथे आले की ते खायचं थांबतात.

शनिवार, मुंबई

डेक्कन क्वीन. सव्वासातला पुण्याहून निघते म्हणजे काका साडेसहाला प्लॅटफॉर्मवर. डायनिंग कारमध्ये ऑम्लेट खाऊन, घाटात ढग बघून वगैरे साडेदहाच्या सुमाराला सीएसएमटी. त्याबद्दल नवीन काय लिहू, सगळ्यांनी लिहून ठेवलंय.

आम्हाला जायचं होतं चर्चगेटला, ब्रेबॉर्न स्टेडियम, म्हणजे सीसीआय, क्रिकेट क्लब ऑफ इंडिया. जोन्स नंतर मुंबईतच राहिले, आणि सीसीआयमधल्या बिलियर्ड्स हॉलला त्यांचं नाव दिलंय. मेंबर असल्याशिवाय आत जाता येत नाही, पण माझ्या ऑफिसातल्या एकीचे सासरे मेंबर आहेत, त्यांनी नेलं. काकांनी कोल्हापुरी सोडून बूट घातले होते, शर्ट इन केला होता, केसांना पाणी लावलं होतं. मी त्यांना कुणाच्या लग्नातही इतकं आवरलेलं बघितलेलं नाही.

हॉलमध्ये शिरलं की पहिल्यांदा जाणवतो तो आवाज, म्हणजे आवाज नसणं, आणि मग मधूनच चेंडूंची टक्क. बारा फूट बाय सहा फूट टेबल, कापडाखाली स्लेटच्या फरशा, वजन टनाच्या वर. आम्ही गेलो तेव्हा एका टेबलाला कव्हर काढून मार्कर त्याची तयारी करत होता आणि काकांनी मला तिथेच थांबवलं, म्हणाले, "बघ, हे बघायला मिळत नाही." आधी त्याने ब्रश मारला, एकाच दिशेने, बॉक म्हणजे जिथून पहिला फटका मारतात त्या बाजूकडून वरच्या टोकाकडे. उलटा ब्रश एकदाही नाही. कारण त्या कापडाला लव असते आणि ती एकाच बाजूला झोपलेली लागते, हळू जाणारा चेंडू त्या लवेनुसार किंचित ओढला जातो आणि बिलियर्ड्समध्ये सगळा खेळ त्या किंचितचा. मग इस्त्री. ती आधी एका कागदावर फिरवून बघितली, कापड करपलं तर संपलंच ना, आणि मग सरळ रेषेत टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात, मध्ये कुठेही न थांबता, थांबली की तिथे डाग. मुंबईच्या दमट हवेत कापड ओलं धरतं, इस्त्री नसेल तर चेंडू जड चालतो. मी विचारलं किती वर्षं करताय, तो नुसता हसला आणि काम करत राहिला. काका त्याच्याकडे ज्या भक्तीने बघत होते ती देवळात दिसत नाही.

ज्यांना स्नूकर किंवा पूलच माहीत आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: बिलियर्ड्समध्ये तीनच चेंडू. दोघांचा एकेक, आणि एक लाल. आपल्या चेंडूने दुसऱ्या दोघांना शिवलं की कॅनन, दोन गुण. लाल भोकात घातला तीन गुण. लालला लागून आपलाच चेंडू भोकात गेला तर तो इनऑफ, त्याचेही तीन (पूलमध्ये याला फाउल म्हणतात, इथे त्याचेच गुण मिळतात!). बास. ऐकायला सोपं, पण टेबल कधी रिकामं होत नाही, खेळ आपणहून संपत नाही, तुम्ही चुकेपर्यंत तुम्हीच खेळायचं आणि समोरचा खुर्चीत बसून पाणी पीत बसणार. म्हणून शेकड्यांचे ब्रेक होतात. मायकल फरेरांनी १९७८ च्या राष्ट्रीय स्पर्धेत ११४९ चा ब्रेक केला होता, हजाराच्या पुढे जाणारा पहिला हौशी खेळाडू. फरेराही मुंबईचेच, तीनदा जगज्जेते, आणि १९८१ ला पद्मश्री नाकारणारे, कारण गावसकरला पद्मभूषण मिळालं मग मला का नाही. आमच्या घरात यावरून तेव्हा दोन गट पडले होते म्हणे. जोन्सना पद्मश्री १९६५ ला मिळाली होती, त्याआधी १९६३ ला अर्जुन पुरस्कार, आणि १९९६ ला द्रोणाचार्य, म्हणजे खेळून झाल्यावर शिकवलं त्याबद्दल.

त्या शिकवण्याचं मला थोडंसं आठवतं. काका मला नव्वदच्या दशकात मुंबईला एक स्पर्धा बघायला घेऊन गेले होते, मला खेळ फारसा कळत नव्हता, मला वडापाव हवा होता, पण एक पांढरे केसवाले आजोबा बाजूला एका मुलाशी बोलत उभे होते ते मात्र लख्ख आठवतं. त्या मुलाने बहुतेक काहीतरी सोपं चुकवलं होतं, रडवेला झाला होता. आजोबांनी त्याचा उजवा कोपर दोन बोटांनी धरला, जरासा आत घेतला, सोडला, परत आत घेतला. काय बोलले ते ऐकू आलं नाही. काका माझ्या कानात म्हणाले, "जोन्स," आणि मी म्हटलं, "बरं." आता वाटतं जवळ जाऊन निदान नमस्कार तरी करायचा होता, पण बारातेरा वर्षांच्या पोरीला कोण जोन्स.

सीसीआयमध्ये तिथले एक वयस्कर मेंबर भेटले, त्यांना जोन्स आठवत होते, आणि गंमत म्हणजे त्यांनीही ब्रेक, ट्रॉफी काही काढलं नाही. सभ्य माणूस, आवाज कधी चढला नाही, कुणी नवखा आला तरी त्याच्याशी नीट बोलायचे, हेच तीनतीनदा. ५ ऑक्टोबर २००३ ला मुंबईतच गेले. इतक्या वर्षांनी दोन अनोळखी म्हातारे त्यांच्याबद्दल बोलताना वाद न घालता एकमेकांना दुजोरा देतायत हे मी तरी पहिल्यांदा पाहिलं, कारण एरवी काका कुणाशीही पाच मिनिटांत भांडतात.

रात्री दादरला मावशीकडे. पिठलं भात. झोप.

रविवार, गीतांजली एक्सप्रेस

पहाटेची गाडी. विमानाने दोन अडीच तासांत पोचलो असतो पण काका म्हणे जोन्सच्या काळात लोक आगगाडीनेच जायचे, आणि वर खिडकीची सीट त्यांनाच.

नाशिक सोडलं, लासलगाव आलं, गाडी काही थांबली नाही, नुसता कांद्याच्या चाळींचा वास आत आला आणि काका एकदम म्हणाले, "पुकेकोहे." मला वाटलं शिंकले. तर पुकेकोहे हे न्यूझीलंडमधलं गाव, ऑकलंडपासून जवळ, आणि जोन्सनी १९६४ चं दुसरं जगज्जेतेपद तिथे जिंकलं. ते गाव कांद्यासाठी प्रसिद्ध आहे, म्हणजे तिकडचं लासलगावच म्हणा. आपला पुण्याचा माणूस बोटीविमानाने जगाच्या त्या टोकाला कांद्याच्या गावात जातो आणि जगज्जेता होऊन येतो, आणि इकडे कुणाला पत्ता नाही.

दिवसभर गाडीत काय, भुसावळला केळी, अकोल्याला चहा, आणि काकांचं रेकॉर्ड. त्यांच्या डायरीत सगळं लिहिलेलं आहे. बिलियर्ड्सचं राष्ट्रीय विजेतेपद जोन्सनी बारा वेळा जिंकलं, पहिलं १९५० ला आणि शेवटचं १९६६ ला. स्नूकरचं पाच वेळा, त्यातलं पहिलं तर १९४८ चं, बिलियर्ड्सच्या आधीचं. १९५२ ला जागतिक स्पर्धा कलकत्त्यातच झाली होती पण ती इंग्लंडच्या लेस्ली ड्रिफिल्डने नेली. १९५४ ला सिडनीत टॉम क्लिअरी. म्हणजे १९५८ ला परत कलकत्त्यात स्पर्धा आली तेव्हा जोन्स छत्तीस वर्षांचे होते, खेळाच्या ऐन वयात, आणि घरचं टेबल.

मी विचारलं, काका तेव्हा पेपरात केवढं आलं असेल? म्हणाले, त्याच वर्षी मिल्खासिंगने कार्डिफला कॉमनवेल्थचं सुवर्ण मिळवलं होतं, आता मला सांग पळणारा माणूस कुणाला आवडत नाही, टेबलाभोवती हळूहळू फिरणाऱ्या माणसाला कोण विचारतो. यावर समोरच्या बर्थवरचे एक राउरकेलाचे गृहस्थ म्हणाले की बिलियर्ड तो अमीर लोगों का खेल है. काका उसळले. क्लब श्रीमंतांचे होते हे खरं, पण जोन्स कुठे संस्थानिक होते, साधा अँग्लो इंडियन माणूस, स्वातंत्र्यानंतर त्या समाजातले कितीतरी लोक ऑस्ट्रेलियाला, इंग्लंडला निघून गेले, हा इथे राहिला आणि छातीवर भारताचं नाव लावून खेळला. हे सगळं काकांच्या हिंदीत. त्या गृहस्थांना किती कळलं देव जाणे, पण त्यांनी काकांना ठेकुआ दिला आणि प्रकरण मिटलं.

संध्याकाळी नागपूर गेलं आणि मग महाराष्ट्र संपला.

सोमवार, कोलकाता

टाटानगरला उजाडलेलंच होतं, हावड्याला पोचेपर्यंत दुपार. आता हावडा स्टेशनपासून मेट्रो थेट हुगळीच्या खालून जाते, बोगद्यात निळे दिवे लागले की आपण नदीखाली आहोत असं समजायचं. काकांना पूल बघायचा होता, ते चिडले. महाकरण स्टेशनला उतरलो, समोर रायटर्स बिल्डिंग, लाल विटांची, आणि तिथून राजभवनाच्या दिशेने थोडं चालत गेलं की ग्रेट ईस्टर्न हॉटेल.

१९५८ ची जागतिक स्पर्धा याच हॉटेलात झाली. पांढरी लांबलचक इमारत, १८४० च्या आसपासची. डेव्हिड विल्सन नावाच्या माणसाने काढलेलं, आधी त्याची बेकरी होती. हॉटेलचं सुरुवातीचं नाव ऑकलंड हॉटेल, गव्हर्नर जनरल लॉर्ड ऑकलंडवरून, पण लोक विल्सनचं हॉटेल म्हणायचे. आता बघा, न्यूझीलंडचं ऑकलंडही त्याच लॉर्डच्या नावाचं. म्हणजे विल्सन पहिल्यांदा जिंकला विल्सनच्या हॉटेलात जे आधी ऑकलंड होतं, आणि दुसऱ्यांदा जिंकला ऑकलंडच्या शेजारी. याला अर्थ काही नाही हे मलाही कळतं, पण काकांनी हे लॉबीत उभं राहून रिसेप्शनवरच्या मुलीला पूर्ण समजावून सांगितलं आणि ती बिचारी इतकी गोड की शेवटपर्यंत ऐकलं.

हॉटेल मधे बरीच वर्षं सरकारकडे होतं, खूप पडझड झाली, मग खाजगी कंपनीने घेऊन दुरुस्त केलं आणि २०१३ ला परत उघडलं. सामने नेमके कुठल्या दालनात झाले असं आम्ही विचारलं तर तिथल्या नव्या मंडळींना सांगता येईना, त्यांचा काय दोष. आम्हाला जेवढं फिरू दिलं तेवढ्यात जोन्सचा फोटो वगैरे दिसला नाही. काका एका मोठ्या दालनाच्या दाराशी बराच वेळ उभे होते, मी मध्ये बोलले नाही. मग म्हणाले, "इथे नसेल, खांब आड येतात, टेबलाभोवती फिरायला जागा लागते." म्हणजे भावूक वगैरे नव्हते झाले, मापं काढत होते.

तिथे राहणं आमच्या खिशाला परवडणारं नव्हतं, पण हॉटेलच्या बेकरीत केक खाल्ला. महाग होता. चांगला होता. कयानीचा मावा केक जास्त चांगला.

मंगळवार, कोलकाता

सकाळी बो बॅरॅक्स. बोबाजारच्या मागे लाल विटांच्या चाळीसारख्या इमारती, पहिल्या महायुद्धात सैनिकांसाठी बांधलेल्या, नंतर अँग्लो इंडियन कुटुंबं राहायला आली आणि काही अजून आहेत. हिरव्या खिडक्या, वाळत घातलेले कपडे, मेरीची छोटी मूर्ती. तिथला एक बुजुर्ग पायरीवर बसला होता, काकांनी जोन्सचं नाव काढलं तर पटकन म्हणाला, "आवर वन!" मग काका म्हणाले, नो नो, अवर पुणे. दोघं हसले. पुढची पंधरा मिनिटं कोण कुणाचा यावर मजेत गेली.

दुपारी काकांना खेळायची हुक्की आली. कोलकात्याला या खेळाची परंपरा आहेच, इथले मनोज कोठारी १९९० चे जगज्जेते, मुलगा सौरवही जगज्जेता. पण क्लबात कोण घेणार आम्हाला, म्हणून एक पार्लर शोधून काढलं, पहिल्या मजल्यावर, पूलची चार टेबलं, कॉलेजची पोरं, मोठमोठ्याने गाणी, आणि कोपऱ्यात एकच मोठं स्नूकर टेबल. काका काउंटरवर: "भैया, बिलियर्ड का बॉल है क्या, तीनवाला?" त्या पोराला कळेना. मग काकांनी स्नूकरच्या सेटमधूनच लाल, पांढरा आणि पिवळा उचलला, दुसरा चेंडू आता पिवळाच असतो, आणि बाकीचे ट्रेमध्ये सरकवून दिले.

गुडघ्यामुळे नीट वाकता येत नव्हतं. पहिले दोन तीन फटके वाया. मग त्यांनी चेंडू बॉकच्या बाजूला आखलेल्या अर्धवर्तुळात ठेवला, लालच्या कडेवर नेम धरला, अर्धा चेंडू झाकेल असा, आणि हळू मारला. पांढरा लालला लागून वळला आणि मधल्या भोकात पडला, लाल वरच्या गादीला जाऊन परत टेबलाच्या मध्यावर येऊन थांबला, जवळजवळ पहिल्याच जागी. मग परत तोच फटका. परत तोच. शेजारच्या टेबलावरची दोन पोरं येऊन उभी राहिली. एकाने विचारलं, "अंकल, व्हाइट तो अंदर जा रहा है, फाउल नहीं है?" काकांनी क्यू, म्हणजे खेळायची काठी, टेकवला, खडू लावला आणि सगळं पहिल्यापासून समजावलं, कॅनन, इनऑफ, आणि मग जोन्स, पुणे, १९५८, इथून मैलभरावरचं हॉटेल. पोरगा म्हणाला, "सीरियसली? यहाँ?" आणि मोबाईल काढून शोधायला लागला.

एकवीसवर ब्रेक तुटला. तासाचे पैसे दिले. काका उतरताना जिना धरून म्हणाले की पुढच्या वेळी उटी, तिथल्या क्लबात स्नूकरचे नियम पहिल्यांदा भिंतीवर लावले होते ते बघायचंय. मी म्हटलं आधी काकूला विचारा.